उपलब्धता 100, भारांक 50: अणुभट्टीला गुरुवार नसतो

भोसरीतल्या आमच्या कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये शिरताना पहिल्याच खांबावर एक पांढरा बोर्ड टांगलेला असायचा. त्यावर रोज सकाळी निळ्या मार्करने तीन आकडे लिहायचे: उपलब्धता, परफॉर्मन्स, क्वालिटी. खाली तिघांचा गुणाकार, म्हणजे ओईई, मशीनची एकूण परिणामकारकता. मशीन किती वेळ चाललं हा एक प्रश्न आणि चालताना किती वेगाने चाललं हा दुसरा, हे तिथला ट्रेनी पोरगाही झोपेत सांगेल. चाकण-भोसरीत चार वर्षं काढलेल्या माणसाला हे समजावून सांगणं म्हणजे चितळ्यांच्या दारात बाकरवडीची कृती वाचून दाखवणं.

माझं दुखणं वेगळं आहे. हीच माणसं अणुवीज केंद्राचा महिन्याचा तक्ता हातात आला की तो बोर्ड साफ विसरतात. तक्त्यात उपलब्धतेशेजारी भारांक असतो: पूर्ण ताकदीने जेवढी वीज झाली असती, तिच्या किती टक्के झाली. ‘भारांक 50 टक्के? म्हणजे भट्टी पंधरा दिवस बंद होती की!’ आमच्याबरोबर सकाळी टेकडीवर येणारे एक निवृत्त प्लांट हेड हे वाक्य इतक्या ठामपणे म्हणतात की समोरचा मान डोलावून मोकळा होतो. मी डोलावत नाही, त्यामुळे आमचं फिरणं हल्ली लांबतं.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. भारांक, पीएलएफ, कपॅसिटी फॅक्टर ही आपल्याकडच्या तक्त्यात एकाच आकड्याची तीन नावं आहेत. ‘युनिट’ हा शब्द आपण विजेच्या किलोवॅट-तासालाही वापरतो आणि भट्टी-टर्बाइनच्या जोडीलाही. इथे मी दुसऱ्याला संच म्हणणार आहे, नाहीतर ‘दोन युनिटने इतके युनिट बनवले’ अशी वाक्यं लिहावी लागतील. मेगावॅट ही क्षमता आणि दशलक्ष युनिट हे उत्पादन. यात अजूनही घोळ होत असेल तर पुढचं सोडून द्या.

आता मुद्द्यावर. उपलब्धता मोजते तास आणि भारांक मोजतो वीज. 220 मेगावॅटचा एक संच घ्या, कर्नाटकात कैगाच्या अणुवीज केंद्रात आहेत तसा. महिना 30 दिवसांचा, म्हणजे 720 तास. सगळे तास पूर्ण ताकदीने चालला तर 158.4 दशलक्ष युनिट होतात. भारांकाचा छेद तो हाच.

समजा हा संच पहिले पंधरा दिवस नियोजित दुरुस्तीसाठी बंद होता आणि पुढचे पंधरा दिवस पूर्ण 220 वर चालला. वीज झाली 79.2 दशलक्ष युनिट, उपलब्धता 50, भारांक 50.

आता दुसरा महिना घ्या. संच एक मिनिटही बंद पडला नाही, पण महिनाभर 110 मेगावॅटवरच ठेवला होता. वीज तितकीच, 79.2. भारांकही तोच, 50. उपलब्धता मात्र 100.

वीज तेवढीच, भारांक तोच, पण गोष्टी पूर्ण वेगळ्या. पहिल्या महिन्यात दुरुस्तीचं वेळापत्रक पाळलं गेलं आणि मशीन ठणठणीत आहे. दुसऱ्या महिन्यात काहीतरी अडलंय. इंधन कमी असेल, एखादा पंप गेला असेल, नियामकाने मर्यादा घातली असेल किंवा ग्रिडची अडचण असेल. नुसता भारांक बघणाऱ्याला हे दोन महिने वेगळे दिसतच नाहीत, आणि नुसती उपलब्धता छापणारा दुसऱ्या महिन्याला शंभरपैकी शंभर देऊन टाकतो. मला या दोघांत दुसऱ्याचा जास्त राग येतो, कारण पहिला निदान घाबरून चौकशी तरी करतो.

यावर इलाज आपल्या बोर्डावरच आहे. भारांकाला उपलब्धतेने भागा. जे उरतं तो आपला ‘परफॉर्मन्स’: चालू असताना संच सरासरी किती ताकदीने चालला. पहिल्या महिन्यात तो 100 येतो, दुसऱ्यात 50. बस. टेकडीवर हे मी काडीने मातीत लिहून दाखवलं, तर प्लांट हेड म्हणाले, ‘मग तक्त्यात हा तिसरा रकाना का देत नाहीत?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे.

या भागाकाराचा खरा उपयोग जुने आकडे उघडल्यावर कळतो. 2008-09 या आर्थिक वर्षात देशातल्या अणुवीज संचांचा भारांक 50 टक्क्यांपर्यंत घसरला होता. तेव्हाही पुण्यात मी हेच ऐकलं: जुनाट यंत्रं, निम्मा वेळ बंद. त्याच वर्षी उपलब्धता 82 टक्के होती. भागून बघा, 61 येतं. (सगळ्या संचांच्या सरासरीवर हा भागाकार ढोबळच म्हणायचा, एकेका संचावर तो चोख चालतो.) म्हणजे यंत्रं बरीचशी धडधाकट होती, त्यांना पोटभर खायला मिळत नव्हतं. देशातल्या युरेनियमचा पुरवठा नव्या संचांच्या मागणीला पुरत नव्हता, म्हणून असलेलं इंधन पुरवून वापरायला संच मुद्दाम कमी ताकदीवर चालवले जात होते. सप्टेंबर 2008 मध्ये अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणाऱ्या देशांच्या गटाने, भारताला सूट दिली, आयात इंधनाचा रस्ता उघडला आणि चारेक वर्षांत भारांक 80 च्या घरात गेला. तोवर ती ‘जुनाट’ यंत्रं काही तरुण झाली नव्हती.

उलट टोकाचं उदाहरण कैगाच्या पहिल्या संचाचं. 13 मे 2016 ते 31 डिसेंबर 2018, सलग 962 दिवस. ब्रिटनच्या हेशम केंद्रातल्या संचाचा 940 दिवसांचा विक्रम त्याने मोडला. बातम्यांत सगळीकडे 962 होतं, पण मला त्यापेक्षा जास्त भावलेला आकडा दुसरा: त्या काळातला भारांक 99.3 टक्के. सलग चालणं अर्ध्या ताकदीवरही जमतं. अडीच वर्षांहून जास्त काळ जवळजवळ पूर्ण ताकदीवर सलग चालणं ही वेगळीच जात आहे. ते शक्य झालं कारण जड पाण्याच्या या भट्ट्यांत इंधन चालू भट्टीतच बदलता येतं, 306 नळ्यांपैकी एकेक उघडून. कुडनकुलमच्या 1000 मेगावॅटच्या भट्ट्यांना ते जमत नाही, इंधन बदलायला त्यांना बंदच करावं लागतं आणि त्यात महिना सहज जातो. त्यामुळे कुडनकुलमच्या एखाद्या संचापुढे महिनाभर शून्य दिसलं तर लगेच ‘प्रकल्प ठप्प’ म्हणून ओरडू नका. दोन्ही रकान्यांत शून्य आहे ना? मग आधी इंधनबदलाचं वेळापत्रक बघा.

बोर्डाची सवय जिथे दगा देते ती जागा आता. आपल्या शॉपमध्ये उपलब्धता काढताना आपण ठरलेल्या सुट्या आधीच वजा करतो. भोसरीला गुरुवारची सुट्टी, म्हणून गुरुवार छेदात येतच नाही. नियोजित मेंटेनन्सही बहुतेक ठिकाणी वगळतात, आणि मग 95 टक्के दाखवून पाठ थोपटून घेतात. मीही घेतली आहे. अणुभट्टीच्या छेदात मात्र कॅलेंडरचे सगळे तास असतात. दिवाळी, दुरुस्ती, इंधनबदल, काहीही वजा होत नाही. त्यामुळे अणुवीज केंद्राची 85 टक्के उपलब्धता आणि तुमच्या लाइनची 85 टक्के उपलब्धता शेजारी ठेवू नका. लाज वाटेल अशी तुलना आहे, आणि ती भट्टीला वाटणार नाही.

बंद पडण्याचा हिशोबही शॉपसारखा नाही. आपल्याकडे मशीन ट्रिप झालं, म्हणजे अचानक आपोआप बंद पडलं, दहा मिनिटांत रिसेट केलं, तर नुकसान दहा मिनिटांचं. भट्टी ट्रिप झाली आणि साधारण अर्ध्या तासात परत उचलता आली नाही, तर आत झेनॉन-135 साठत जातो. हा वायू न्यूट्रॉन गिळतो. भट्टी चालू असताना तो तयार होतो आणि जळूनही जातो, पण बंद झाल्यावर जळायचा थांबतो आणि आत आधीच साठलेल्या आयोडीनपासून तयार व्हायचा मात्र थांबत नाही. मग तो ओसरेपर्यंत, साधारण दीड दिवस, हात बांधून बसायचं. म्हणजे दहा मिनिटांच्या कारणाला 36 तास. 720 तासांतले 36 म्हणजे 5 टक्के, आणि ते उपलब्धतेतून आणि भारांकातून सारखेच जातात. एरवी शंभरीत असलेले दोन्ही आकडे एकदमच 95 वर आले असतील तर एखाद्या ट्रिपची शंका घ्या. उपलब्धता शंभरवर आणि भारांकच खाली, तर ट्रिप नाही, ताकद कमी केली आहे.

औष्णिक केंद्रांचे तक्ते वाचून आलेले लोक इथे आणखी एक घोळ घालतात. कोळशाच्या संचात उपलब्धता आणि भारांकात मोठी दरी असणं रोजचं आहे. संच तयार असतो, पण मागणी नाही म्हणून ग्रिडवाले त्याला खाली बसवतात, आणि तयार राहिल्याबद्दल त्याला स्थिर आकार, म्हणजे ठरलेली रक्कम, मिळते. अणुवीज केंद्राचे दर एकाच भागाचे आहेत, युनिटमागे पैसे. नुसतं तयार राहून काही पदरात पडत नाही. शिवाय इंधनाचा खर्च तुलनेने कमी, म्हणून चालवायचं ते पूर्ण ताकदीवर. परळीच्या कोळशाच्या संचात जी दरी बघून मी पान उलटेन, तीच कैगात दिसली तर थांबून विचारेन.

फेब्रुवारीबद्दल फार बोलत नाही. 28 दिवसांचा महिना, 220 मेगावॅटचा संच पूर्ण चालला तरी 147.84 दशलक्ष युनिट, जानेवारीत 163.68. ‘उत्पादनात जवळपास दहा टक्के घट’ असा मथळा देणाऱ्याने भारांकाचा रकाना झाकून ठेवला असणार.

तारापूरला मात्र छेदच बदललेला आहे. 1969 मध्ये सुरू झालेले पहिले दोन संच मुळात 210 मेगावॅटचे होते, पुढे त्यांची क्षमता 160 ठरवली गेली. जुन्या माहितीपत्रकातला 210 घेऊन कोणी भारांक काढला तर पूर्ण ताकदीवर चालणारा संचही 76 टक्के दिसतो. शिवाय हे दोन्ही संच 2020 मध्ये मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झाले. त्यांना सरासरीत धरलं की नाही, यावर केंद्राचा एकूण आकडा वर-खाली होतो. राजस्थानचा पहिला 100 मेगावॅटचा संच 2004 पासून बंद आहे, त्याचंही तेच.

आणि टक्क्यांची साधी सरासरी काढणाऱ्यांचं काय करावं, मला कळत नाही. 160 चा एक संच 100 टक्क्यांवर आणि 540 चा एक 50 टक्क्यांवर चालला, तर सरासरी 75 नाही. 700 मेगावॅटमधून 430 मिळाले: 61.4 टक्के.