सत्ताविभाजन (महाराष्ट्र राज्य)

कायदे करणे, ते राबवणे आणि त्यांवरून निघणाऱ्या तंट्यांचा निवाडा करणे ही राज्यकारभाराची तीन कामे वेगवेगळ्या हातांत ठेवण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात ती अनुक्रमे विधिमंडळ (विधानसभा २८८, विधान परिषद ७८ सदस्य), राज्यपालांच्या नावाने कारभार चालवणारे मंत्रिमंडळ आणि मुंबई उच्च न्यायालय व त्याखालची न्यायालये यांच्याकडे आहेत. उच्च न्यायालय १८६२ सालचे, म्हणजे राज्याहून ९८ वर्षांनी वडील. गोव्याचेही उच्च न्यायालय तेच.

‘विभाजन’ हा शब्द मात्र बेताने घ्यावा. मंत्री विधिमंडळातूनच येतात आणि विधानसभेचे बहुमत गेले की पायउतार होतात. अधिवेशन चालू नसताना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल वटहुकूमही काढतात (अनुच्छेद २१३). खरी फारकत न्यायसंस्थेची. न्यायमूर्तींच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर सभागृहात चर्चा करता येत नाही (२११) आणि सभागृहातील कामकाज केवळ नियमभंगाच्या कारणावरून न्यायालयाला तपासता येत नाही (२१२).

ही दुसरी मर्यादा कुठे संपते, हे २०२१ च्या प्रकरणात दिसले. विधानसभेने जुलैमध्ये भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले. चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य आहे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी ते रद्द ठरवले. चूक नियमाची नव्हे, घटनेची होती.

सर्वांत अवघड जागा विधानसभाध्यक्षांची. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीने त्यांना न्यायाधिकरण केले आहे. पण ते निवडून येतात बहुतेकदा सत्ताधारी बाकांवरून. शिवसेनेतील फुटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चुकीचे ठरवले. उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असेही सांगितले. अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांवरच सोपवला. राहुल नार्वेकर यांनी तो १० जानेवारी २०२४ रोजी दिला आणि कोणत्याच गटाचा आमदार अपात्र ठरला नाही.

गावात उतरल्यावर तर रेघ आणखी पुसट होते. बांधावरची वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर शेतकरी अर्ज घेऊन तहसीलदाराकडे जातो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळा काढण्याचा हुकूम महसूल खात्याचा हाच अधिकारी देतो आणि त्याची फेरतपासणी जिल्हाधिकाऱ्याकडे होते.