कानातले ऑक्सिमीटर आणि कोष्टकाचा वाद

रक्तातील ऑक्सिजनची पातळी सतत मोजणारे, कानात घालून वावरता येणारे सेन्सर आज नवलाईचे म्हणून पुढे येत असले, तरी या मोजमापाची सुरुवात कानापासूनच झाली होती. १९३५ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून हे मोजमाप करण्यात आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी कानाला लावायचे हलके मोजयंत्र बनले आणि त्याच सुमारास ‘ऑक्सिमीटर’ हा शब्द रूढ झाला. १९७० च्या दशकात रुग्णालयांत आलेले आठ तरंगलांबींचे यंत्र अचूक होते, पण ते सुमारे १७ किलो वजनाचे होते आणि पाळीत धमनीतील रक्त भरपूर यावे म्हणून त्यासाठी रुग्णाचा कान ४१ अंशांपर्यंत तापवावा लागे.

१९७२ ते १९७४ या काळात एका जपानी अभियंत्याने कानावरच वेगळा प्रयोग करताना ही अडचण सोडवली. नाडीच्या ठोक्यामुळे त्याच्या आलेखात सारखा व्यत्यय येत होता. प्रकाशातील जो भाग ठोक्याबरोबर बदलतो तो धमनीतील रक्ताचाच असणार, हे त्याच्या ध्यानात आले. त्यामुळे कान तापवण्याची गरज उरली नाही. मात्र ठोका बोटात अधिक ठळक मिळत असल्याने १९८० च्या दशकात भूलतज्ज्ञांनी हे तंत्र स्वीकारले ते मुख्यतः बोटाच्या चिमट्याच्या रूपात, आणि कान मागे पडला.

येथून पुढचा, आजवर न मिटलेला वाद कोष्टकाचा आहे. नाडीच्या ठोक्यावर चालणारा हा पल्स ऑक्सिमीटर संपृक्तता, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे ते, थेट मोजत नाही. लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या ठोक्यांचे गुणोत्तर काढून ते आपल्या स्मृतीतील कोष्टकाशी जुळवतो. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांची संपृक्तता साधारण ७० टक्क्यांपर्यंत खाली आणून आणि धमनीतील रक्ताचे नमुने तपासून हे कोष्टक तयार होते. साहजिकच, ते स्वयंसेवक कोण होते हा प्रश्न उरतो. वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी नियामकाच्या (एफडीए) २०१३ च्या मार्गदर्शनानुसार किमान १० स्वयंसेवक पुरेसे होते आणि त्यांत गडद त्वचेचे निदान २ किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तितके असावेत, एवढीच अपेक्षा होती. ‘गडद’ कशाला म्हणायचे याची मोजपट्टी दिलेली नव्हती. दहा जणांत दोन हे प्रमाण जगभर विकल्या जाणाऱ्या उपकरणासाठी तोकडे होते, हे सांगायला संख्याशास्त्राची गरज पडू नये. भारतासारख्या देशात तर ते अधिकच खटकते.

त्याच मार्गदर्शनात बोटाच्या नेहमीच्या चिमट्यासाठी प्रत्यक्ष संपृक्ततेपासूनच्या सरासरी फरकाची (वर्ग-माध्य-मूळ त्रुटीची) मर्यादा ३ टक्के होती, तर कानाच्या क्लिपसाठी आणि परावर्तित प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरसाठी ती ३.५ टक्के होती. या मर्यादेचा अर्थ असा की सुमारे एकतृतीयांश नोंदी तिच्याही बाहेर जाऊ शकतात. कानातल्या नव्या सेन्सरांपैकी पुष्कळसे परावर्तित प्रकाशावरच चालतात, त्यामुळे त्यांना मिळाली ती सैल मर्यादा. शिवाय बोटाच्या पेराची आतली बाजू बहुतेकांची उजळ असते, पण कानाची पाळी चेहऱ्याच्याच रंगाची असते. ही बाब चर्चेत फारशी येत नाही.

त्वचेच्या रंगामुळे आकडा फसतो, असे १९९० मध्येच दाखवून देण्यात आले होते. पण त्याकडे गांभीर्याने पाहिले गेले ते डिसेंबर २०२० मध्ये. ऑक्सिमीटरने ९२ ते ९६ टक्के दाखवले असतानाही कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के, तर गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के नोंदींत धमनीतील प्रत्यक्ष संपृक्तता ८८ टक्क्यांच्या खाली होती, असे अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात कोविडसाठीच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतील पथके घरोघरी ऑक्सिमीटर लावत होती. सहा मिनिटे चालून पुन्हा पातळी पाहावी, हा सल्लाही तेव्हा घरोघरी पोहोचला, आणि ९४ हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. त्या आकड्यामागची त्रुटीची मर्यादा मात्र क्वचितच कोणी सांगितली.

कान परत आला तो याच काळात. जर्मनीत म्युनिक येथे घरी विलगीकरणात असलेल्या जोखमीच्या रुग्णांच्या कानात सेन्सर बसवून दुरून देखरेख ठेवण्यात आली. हात हलतो, थंडीत बोटांतील रक्तप्रवाह आटतो, आणि ऑक्सिजन घसरल्याचे बोटापेक्षा कानात काही सेकंद आधी कळते, ही कानाची बाजू. चावताना आणि बोलताना जबड्याच्या हालचालीने संकेत बिघडतो, ही उणी बाजू. ‘सतत’ हा शब्दही येथे जपून घ्यावा लागतो, कारण बॅटरी वाचवण्यासाठी पुष्कळ उपकरणे ठरावीक अंतरानेच नोंद घेतात आणि हालचालीतल्या नोंदी गाळतात.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी नियामकाने नवा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात १० ऐवजी किमान १५० स्वयंसेवक, आणि त्वचेची छटा नजरेच्या अंदाजाने न ठरवता ठरावीक रंगपट्टीने व उपकरणाने मोजण्याची पद्धत सुचवण्यात आली. निव्वळ तंदुरुस्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या उपकरणांना मात्र हा मसुदा लागू नाही, आणि बाजारातील पुष्कळशी अंगावर घालायची उपकरणे त्याच नावाखाली विकली जातात.