जुनी रेसिंग गो-कार्ट घेऊन येताय? आधी ग्राइंडर खाली ठेवा

दर दोन-चार दिवसांनी वर्कशॉपच्या व्हॉट्सॅपवर एक फोटो येतो. इंजिनाचा, एकदम जवळून, थोडा हललेला, आणि खाली "दादा ही कुठल्या कंपनीची कार्ट? किती रेट येईल?" फोटोत गाडी नसतेच. फ्रेमचे फोटो पाठवा म्हटलं की उत्तर येतं, फ्रेम पावडर कोटिंगला दिलीय, उद्या मिळेल. तिथेच निम्मा खेळ संपलेला असतो. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं, म्हणजे काउंटरवरही देता येईल आणि फोनवर तेच तेच बोलून आमचाही घसा बसणार नाही.

आधी इंजिनाचं मिटवून टाकू. गुऱ्हाळावर किर्लोस्करचं इंजिन असतं म्हणून ते गुऱ्हाळ किर्लोस्करांचं होतं का? तसंच इथं. कार्टमध्ये फ्रेम एकाची आणि इंजिन दुसऱ्याचं ही पद्धत पहिल्या गाडीपासूनची आहे. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स आणि लू बोरेली या दोघांनी जी पहिली कार्ट बनवली तिला वेस्ट बेंडचं गवत कापायच्या मशीनचं इंजिन होतं. मग १९५९ ला मॅककलोक या करवतीच्या इंजिनवाल्या कंपनीने खास कार्टसाठी एमसी-१० काढलं आणि ते कितीतरी वेगवेगळ्या लोकांच्या फ्रेमवर बसलं. यामाहाचं केटी-१०० तर विचारूच नका, ते कुठल्याही गाडीवर दिसतं. त्यात या रेसच्या गाड्या, एका सीझनला एक इंजिन तर पुढच्या सीझनला दुसरं, आणि चाळीस-पन्नास वर्षांत किती मालक झाले असतील देव जाणे. इंजिनावरून फार तर एवढंच कळतं की शेवटच्या मालकाला काय परवडलं.

चाकांचं पण तेच. अझुसालाइट नाव असलेली ती तीन दांड्यांची प्लास्टिकची चाकं बघून दोघं जण आमच्याकडे "अझुसा कार्ट" म्हणून आले होते. अहो ती चाकं सुटी विकत मिळतात, कोणीही कोणत्याही गाडीला लावतो. आणि गंमत म्हणजे ज्या कंपनीमुळे "गो-कार्ट" हे नाव रूढ झालं ती गो कार्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, आणि बग नावाच्या कार्ट काढणारी के अँड पी, या दोन्ही कॅलिफोर्नियातल्या अझुसा गावच्याच, त्यामुळे नुसतं अझुसा वाचून तर अजूनच गोंधळ होतो.

एक अपवाद सांगतो नाहीतर कोणीतरी चूक काढेल. काही जण फ्रेम आणि इंजिन दोन्ही करायचे, उदाहरणार्थ इटलीतलं डॅप. ब्राझीलचा रेसर आयर्टन सेना एफ-वनला (फॉर्म्युला वन रेसिंगला) जायच्या आधी डॅपकडून कार्ट चालवायचा, १९७९ आणि १९८० च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला दोन्ही वेळा दुसरा आला. पण डॅपचं इंजिन आहे म्हणून खालची फ्रेम पण डॅपची हे तरीही सिद्ध होत नाही. आणि "सेनाची गाडी" म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडून तर काहीही घेऊ नका.

आता मूळ मुद्दा. गाडी ओळखायची असेल तर ती जशी सापडली तशी आणा. घाणेरडी, तेलकट, गंजलेली, कोंबडीची विष्ठा लागलेली असली तरी चालेल, आम्ही नाक मुरडत नाही. धुवायचीच असेल तर रॉकेल आणि कपडा, बास. वायर ब्रश नाही, सँड ब्लास्टिंग नाही, ग्राइंडरची चकती नाही, आणि पावडर कोटिंग तर अजिबात नाही.

का ते एका गाडीवरून सांगतो. सांगलीकडून एक फ्रेम आली, लालभडक, आरशासारखी, मालकांनी सात-आठ हजार घालून सगळं करून आणलेलं आणि चेहऱ्यावर इतका आनंद की बोलायला नको वाटलं. मुख्य पाइपला व्हर्नियर (बारीक मापाचा कॅलिपर) लावला तर ३१.९५ मिलिमीटर भरला. आता युरोपियन फ्रेमचे पाइप सहसा मिलिमीटरच्या मापाचे असतात, २८, ३०, ३२ असे. जुन्या अमेरिकन आणि इंग्लिश फ्रेमचे इंची मापाचे, सव्वा इंच म्हणजे ३१.७५, एक आणि एक अष्टमांश म्हणजे साधारण २८.६. पावडर कोटिंगचा थर एका बाजूला ६० ते १०० मायक्रॉन, दोन्ही बाजू मिळून सव्वा ते दोन पॉइंट (एक पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग). म्हणजे ३१.९५ हा सव्वा इंची पाइप रंग चढून फुगलाय की ३२ चा पाइप ब्लास्टिंगमध्ये झिजलाय? इंचीवाल्या देशातला की मिलिमीटरवाल्या देशातला एवढा मोठा प्रश्न, आणि तो दोन पॉइंटच्या रंगाखाली गाडला गेला. शेवटी ब्रेकच्या ब्रॅकेटमागे जिथे पावडर पोचली नव्हती तिथे नखाएवढी जागा सापडली, तिथे मोजलं, सव्वा इंच निघाला.

पण खरं दुखणं पुढे होतं. पुढच्या आडव्या पाइपावर हात फिरवला तर दोन ठिकाणी किंचित गुळगुळीत लागलं. मालकांना विचारलं तर म्हणाले "हो तिथं दोन भोकं होती बारीक, पेंटरने पुट्टी भरून एकदम बेस्ट केलं." ती दोन भोकं म्हणजे कंपनीची प्लेट रिव्हेटने मारलेली जागा. प्लेट गेलेली असली तरी भोकांमधलं अंतर आणि जागा यावरून जुन्या कॅटलॉगच्या फोटोशी ताळा लावता येतो, प्लेटखालचा मूळ रंग पण बहुतेक तिथेच शिल्लक असतो, चौकोनी सावलीसारखा. सगळं गेलं. त्या गाडीच्या रिपोर्टवर आम्हाला "अमेरिकन, साठच्या दशकातली, मेकर कळला नाही" एवढंच लिहिता आलं. मालक नाराज झाले, आणि त्यांचं चुकलं असं तरी तोंडावर कसं म्हणणार.

रंगाचे थर म्हणजे गाडीचा सातबाराच समजा. वरचा मालक, त्याच्या आधीचा मालक, आणि एकदम तळाला कंपनी. सीटच्या पट्टीखाली, बेअरिंग हाउसिंगच्या मागे, स्टिअरिंगच्या बुशखाली मूळ रंग टिकतो. जोडावरची वेल्डिंग पण बोलते, पितळी रंगाची भरणी असेल तर ब्रेझिंग, सरळ लोखंडी असेल तर आर्क किंवा गॅस, आणि ती हाताने कशी ओढलीय ते एकाच कंपनीच्या दोन फ्रेमवर सारखं दिसतं. ग्राइंडरने जोड "स्मूथ" केला की ही सही पुसली.

मग आम्ही नक्की बघतो काय? बहुतेक वेळ मापातच जातो. मागचा ॲक्सल हा सगळ्यात चांगला साक्षीदार. घरी व्हर्नियर असेल तर स्वतः बघा, २५ मिलिमीटर आणि एक इंच म्हणजे २५.४, डोळ्याला सारखेच दिसतात. नुसत्या टेपने मोजून "पंचवीसचा आहे" म्हणून बेअरिंग आणणारे रोज भेटतात, मग ते बसत नाही आणि हातोडी काढली जाते. एक इंचाला यूसी-२०५-१६ लागतं, साधं यूसी-२०५ हे २५ चं. सव्वा इंची ॲक्सल असेल तर यूसी-२०६-२०. ॲक्सल भरीव आहे की पोकळ, चावीचा गाळा पाव इंची की मिलिमीटरचा, हे पण लिहून ठेवा. ४०-५० मिलिमीटरचा जाड पोकळ ॲक्सल असेल तर गाडी बरीच नंतरची आहे, किंवा कोणीतरी नंतर बदललाय.

नट-बोल्टला कुठला पाना लागतो तेही बघा. १३ चा पाना सैल होतोय आणि अर्धा इंची घट्ट बसतोय म्हणजे इंची हार्डवेअर. एखाद-दुसरा बोल्ट बदललेला असतो, पण दहातले आठ एका बाजूला गेले की अंदाज पक्का होतो. चेनची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, बघा, ३५ नंबर म्हणजे तीन अष्टमांश इंच ही जुन्या अमेरिकन गाड्यांवर नेहमीची, २१९ म्हणजे ७.७७५ मिलिमीटर ही नंतरच्या रेस कार्टची. ब्रेक पट्ट्याचा आहे, ड्रमचा आहे की डिस्कचा, डिस्क असेल तर केबलवर की तेलावर. इंजिन सीटच्या मागे बसायचं की बाजूला, तेही इंजिन नसताना फ्रेमवरच्या ब्रॅकेटवरून कळतं, सुरुवातीच्या अमेरिकन गाड्यांत ते मागे असायचं.

नंतरच्या काळातल्या रेसिंग फ्रेमवर सीआयकेचा होमोलोगेशन (अधिकृत मान्यतेचा) नंबर सापडू शकतो, बहुतेक मागच्या आडव्या पाइपावर. सीआयके म्हणजे कार्टिंगची आंतरराष्ट्रीय संस्था, १९६२ पासूनची. हा नंबर मिळाला की काम एकदम सोपं, कारण होमोलोगेशनच्या कागदावर कंपनी, मॉडेल, व्हीलबेस, पाइपची मापं, बेंड किती ते सगळं असतं. नंबर वाचता येत नसेल तर कृपा करून पॉलिश पेपर मारू नका. खडू घासा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून फोटो काढा. एका साहेबांनी नंबर "उठून दिसावा म्हणून" फाइल मारली होती. दिसला, निम्मा.

थोडं कटू पण सांगायला हवं. आपल्याकडे "जुनी इम्पोर्टेड रेसिंग कार्ट" म्हणून विकायला येणाऱ्या गाड्यांत इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी स्पर्धेसाठी बनवलेल्या कार्ट बऱ्याच निघतात. पोरं गुणी असतात, त्यांना नावं ठेवत नाही, त्यातली दोन आमच्याकडेच कामाला आहेत. पण पैसे देण्याआधी बघा की स्टिअरिंगला रॅक अँड पिनियन आहे का, खऱ्या रेस कार्टला तो नसतो, स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला सरळ दोन टाय रॉड (चाकं वळवणाऱ्या दांड्या) असतात. ॲक्सल पी-२०५ लिहिलेल्या बिडाच्या ठोकळ्यात बसलाय का, डिस्क आणि कॅलिपर पल्सरची आहे का, इंजिनची बैठक बाइकच्या इंजिनासाठी केलीय का. आणि चारी बाजूंनी जाड रबरी बंपर आणि होंडाचं जीएक्स इंजिन म्हणजे भाड्याच्या ट्रॅकवरची गाडी. ती चांगलीच असते, पोरांना फिरवायला झकास, फक्त ती व्हिंटेज रेसर नाही आणि त्या भावात घ्यायची नाही. विकत घ्यायच्या आधी आम्हाला फोटो पाठवलेत तर एवढं आम्ही फुकट सांगतो.

आता फीबद्दल, कारण त्यावरूनही कुरबुर होते. ओळख पटवायची फी आम्ही आधी घेतो. लोक म्हणतात नुसतं बघून सांगायचे पैसे कसले. बघून सांगत नाही हो, फ्रेम सपाट टेबलावर ठेवून प्रत्येक बेंडचा आराखडा काढतो, चाळीसेक मापं घेतो, जुन्या कॅटलॉगशी ताडून बघतो, आणि अडलं की अमेरिकेतल्या व्हिंटेज कार्टिंग असोसिएशनमधल्या किंवा ब्रिटनच्या हिस्टॉरिक कार्ट क्लबमधल्या जुन्या लोकांना फोटो पाठवतो. अमेरिकेची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, म्हणून आठ-दहा दिवस धरा. पुढचं काम आमच्याकडेच केलंत तर फी बिलातून वजा. ॲक्सल सरळ करणं, इंची बुश लेथवर बनवणं, फ्रेम जिगवर धरून वाक काढणं हे सगळं इथेच होतं, आणि रंगही आम्ही करून देतो पण सगळ्यात शेवटी.

रिपोर्टवर तीनच शेरे असतात: ठाम, बहुतेक, आणि कळलं नाही. "बहुतेक" चं "ठाम" करून द्या, गिऱ्हाईक उद्या येतंय, असं सांगणारेही भेटतात. ते होणार नाही. टोनी कार्ट किंवा बिरेल असं नामांकित इटालियन कंपनीचं नाव लिहिलं की भाव चढतो हे आम्हालाही कळतं, पण उद्या ती गाडी फिरून आमच्याच दारात येते आणि कागदावर आमचा शिक्का असतो. मार्गे, रप, झिप अशी नावं सगळ्यांना माहीत नसतात म्हणून त्या गाड्या कमी भावात जातात, आणि ज्याला कळतं तो घेऊन जातो. तेव्हा खरं नाव कमी भारी वाटलं तरी ते लिहून घ्या.

फोटो पाठवताना संपूर्ण गाडी वरून एक, सरळ, जिन्यावर किंवा टेम्पोवर चढून काढा, म्हणजे पाइपांची ठेवण कळते. मग डावी, उजवी, पुढून, मागून. त्यानंतर जवळचे. प्रत्येक जवळच्या फोटोत शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, दहाची नोट किंवा आगपेटी नको. फॉरवर्ड झालेला फोटो फुटतो म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. गाडी कुठून मिळाली तेही लिहा, गोदीच्या स्क्रॅपमधून की दुबईहून आलेल्या सामानातून की बंद पडलेल्या ट्रॅकच्या शेडमधून, त्यावरून शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं.

वर्कशॉप सोमवारी बंद असतं. येताना फ्रेम एकटी आणू नका, त्यासोबत मिळालेलं सगळं आणा, तुटका पेडल, वाकडा टाय रॉड, फाटकं सीट, गंजलेले नट-बोल्ट डब्यात भरून. डबा परत मिळेल.