बी.एस्सी. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी

कॅन्सरच्या पेशंटला किरणोपचार देणारं मशीन जो प्रत्यक्ष चालवतो, पेशंटला रोज टेबलावर त्याच पोझिशनला झोपवतो आणि ठरलेला डोस ठरलेल्या जागी पोचवतो, त्या माणसाची ही पदवी. बारावी सायन्स, मग तीन वर्षं वर्ग आणि वॉर्ड, वर इंटर्नशिप, असा साधारण चार वर्षांचा मामला. एक्स-रे काढणाऱ्याच्या कोर्सशी याची कायम गल्लत होते, अॅडमिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांचीसुद्धा, पण एक्स-रेवाला रोग दाखवतो आणि हा उपचार देतो, आणि दोघांच्या हातातल्या डोसमध्ये हजारो पटींचा फरक असतो.

नाव : हा भाग जरा लांबणार आहे. मराठीत ‘किरणोपचार’ हा शब्द रुळलाय, जुन्या परिभाषेत ‘प्रारण चिकित्सा’ असंही दिसतं, आणि गावाकडचे पेशंट सरळ ‘विजेचे शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. वर्तमानपत्रवाले ‘किरणोत्सर्ग उपचार’ लिहितात ते तसं अर्धंच बरोबर, कारण किरणोत्सर्ग कोबाल्ट, इरिडियमसारख्या द्रव्यातून होतो, लिनॅक म्हणजे रेखीय त्वरकात असलं काही द्रव्य नसतंच, स्विच बंद की किरण बंद. माणसाचं नाव काय हा तर अजून मोठा घोळ. ब्रिटनमध्ये त्याला थेरप्युटिक रेडिओग्राफर म्हणतात, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात रेडिएशन थेरपिस्ट. आपल्याकडे ‘रेडिओथेरपिस्ट’ म्हटलं की जुने लोक एम.डी. झालेला डॉक्टर समजतात (त्या डॉक्टरांना आता रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतात, पण सवय जात नाही), म्हणून ‘थेरपिस्ट’ इथे रुजलं नाही. राहिले टेक्निशियन आणि टेक्नॉलॉजिस्ट. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) पदवीत टेक्निशियन आहे, २०२१ च्या केंद्रीय कायद्यात टेक्नॉलॉजिस्ट आहे. या नोंदीत टेक्नॉलॉजिस्ट वापरलाय, पदवी घेतलेल्या माणसाला तोच बरा दिसतो.

मूळ : पदवी समजायला व्यवसाय समजायला हवा आणि व्यवसायाचं मूळ वादात अडकलंय. रंटगेनने क्ष-किरण शोधले ८ नोव्हेंबर १८९५ ला, यावर वाद नाही. पण त्या किरणांनी पहिला कॅन्सर पेशंट कोणी शेकला? शिकागोचा एमिल ग्रुबे म्हणायचा की मीच, जानेवारी १८९६ च्या शेवटी, स्तनाच्या कॅन्सरची एक बाई. म्हणजे शोधाची बातमी फुटून महिनाही झाला नव्हता. अडचण अशी की हा दावा त्याने सविस्तर छापला तो १९३३ मध्ये, घटनेला सदतीस वर्षं होऊन गेल्यावर, आणि त्याच्या मृत्यूनंतर ज्यांनी त्याचं चरित्र तपासून लिहिलं त्यांनाही तो स्वतःबद्दल फुगवून सांगणारा माणूस वाटला. त्याउलट फ्रान्समधल्या ल्यों शहरातला डॉक्टर व्हिक्टर देस्पेन्य याने जुलै १८९६ मध्ये पोटाच्या कॅन्सरच्या पेशंटवर क्ष-किरण वापरले आणि लगेच त्याच वर्षी तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. व्हिएन्नाचा लिओपोल्ड फ्रॉइंड त्याच वर्षाच्या शेवटी एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर प्रयोग करत होता, तो कॅन्सर नव्हता, पण उपचार म्हणून पद्धतशीर काम बघायचं तर बरेच जण त्यालाच पहिला मानतात. कागद बघून ठरवायचं तर देस्पेन्यचं पारडं जड वाटतं, पुस्तकांमध्ये मात्र अजून ग्रुबेच पुढे असतो. ग्रुबेचा हात पुढे कापावा लागला हे खरं आहे, किरणांनीच.

कोबाल्टचीही तीच कथा. कोबाल्ट-६० चं पहिलं मशीन कॅनडात, १९५१ मध्ये. सस्कॅटूनला हॅरॉल्ड जॉन्सच्या गटाकडे सोर्स (म्हणजे किरण सोडणारं कोबाल्ट) आधी पोचला, पण त्यांनी मोजमाप करण्यात वेळ घातला आणि पेशंट घेतला ८ नोव्हेंबरला, तोवर ओंटारिओतल्या लंडन गावात २७ ऑक्टोबरलाच पहिला पेशंट होऊन गेला होता. पहिलं कोण हे ‘पहिलं’ कशाला म्हणता त्यावर आहे. टेक्नॉलॉजिस्टच्या दृष्टीने सस्कॅटूनवाल्यांचं वागणं बरोबर, आधी मोजा मग द्या, पहिल्या सेमिस्टरपासून हेच घोकून घेतात.

सुरुवातीच्या काळात स्विच डॉक्टर स्वतः दाबायचा किंवा त्याचा हाताखालचा माणूस. वेगळा व्यवसाय हळूहळू झाला : ब्रिटनची रेडिओग्राफरांची सोसायटी १९२० ची, अमेरिकेतली नोंदणी संस्था १९२२ ची, दोन्हीकडे तेव्हा निदान आणि उपचार एकाच छत्रीखाली होते. ब्रिटनमध्ये डिप्लोमा जाऊन पदवी आली ती साधारण नव्वदीच्या दशकात. अमेरिकेत नोंदणीसाठी २०१५ पासून किमान दोन वर्षांची असोसिएट पदवी लागते, पूर्ण बॅचलर पदवी सक्तीची नाही, त्यामुळे ‘तिकडे सगळे पदवीधरच असतात’ हा समज चुकीचा.

भारतात : मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्या वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं. त्याच वर्षी भाभा अणुसंशोधन केंद्रात (तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं) जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा सुरू झाला. म्हणजे देशात मेडिकल फिजिसिस्टच्या (डोसचं मोजमाप आणि मशीनची तपासणी बघणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाच्या) शिक्षणाची घडी साठच्या दशकातच बसली, मशीन चालवणाऱ्याचं शिक्षण मात्र बराच काळ हॉस्पिटलपुरतं राहिलं, आधी हाताखाली शिकणं, मग सर्टिफिकेट, मग दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि बहुतेक ठिकाणी पदवी त्यानंतर. आज वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, चंदीगडचं पीजीआय, मणिपाल अशी नावं घेतली जातात. महाराष्ट्रात १९९८ च्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली बीपीएमटी आहे, तिच्या बऱ्याच शाखांपैकी रेडिओथेरपी ही एक. लॅब, ओटी, एक्स-रे या शाखा पटकन भरतात, इथे सीट कमी आणि माहिती त्याहून कमी.

नियमांची बाजू अशी की अणुऊर्जा नियामक मंडळ, स्थापना १५ नोव्हेंबर १९८३, हेच ठरवतं की रेडिओथेरपी विभागात कोण कोण हवं, आणि मंडळाच्या लेखी टेक्नॉलॉजिस्ट व्हायला बारावी सायन्सवर मान्यताप्राप्त दोन वर्षांचा कोर्स आणि प्रत्यक्ष विभागातलं ट्रेनिंग पुरतं. म्हणजे पदवी ही कायद्याने लागणारी किमान पायरी नव्हे. तरी पदवी का घ्यायची? एक तर पुढे एम.एस्सी. करता येतं, शिकवता येतं, दुसरं म्हणजे राष्ट्रीय सहाय्यक आणि आरोग्य सेवा व्यवसाय आयोगाचा २०२१ चा कायदा. त्यात रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आणि डोसिमेट्रिस्ट (डोसचं प्लॅनिंग करणारा) ही नावं यादीत आहेत, नोंदणीची तरतूद आहे, आणि ‘आरोग्य सेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांची पदवी लागते, नुसत्या डिप्लोमाला २००० तास. २०२५ मध्ये केंद्राने दहा व्यवसायांचे नमुना अभ्यासक्रम काढले त्यातही रेडिओथेरपी आहे.

अॅडमिशन : बारावीला फिजिक्स आणि केमिस्ट्री हवंच, बायॉलॉजी की मॅथ्स हे विद्यापीठानुसार बदलतं, बीपीएमटीला बायॉलॉजी लागतं.

अभ्यास : पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, थोडं पॅथॉलॉजी, रेडिएशन फिजिक्सची सुरुवात. पुढे रेडिओबायॉलॉजी (किरणांचा पेशींवरचा परिणाम), सिम्युलेशन (उपचाराआधी पोझिशन आणि जागा ठरवणं), प्लॅनिंग, ब्रॅकीथेरपी (सोर्स शरीराच्या आत किंवा गाठीला लागून ठेवून उपचार), क्वालिटी अॅश्युरन्स, पेशंट केअर. यातलं फिजिक्स पोरांना जड जातं, खरं तर गणित आठवी-नववीचंच असतं पण ते पेशंट टेबलावर असताना करायचं असतं. उदाहरण म्हणून व्यस्त वर्गाचा नियम घ्या, अंतर दुप्पट झालं की डोस चौथा हिस्सा. जुन्या कोबाल्ट मशीनवर सोर्सपासून कातडीचं अंतर ८० सेंटिमीटर धरतात. चुकून ८२ ठेवलं तर? दोन सेंटिमीटरच्या चुकीत डोस जवळपास ५ टक्के कमी पडतो. आता आंतरराष्ट्रीय शिफारस अशी आहे की दिलेला डोस ठरलेल्याच्या ५ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे सगळी सूट एका ढिसाळ पट्टीवाचनात संपली, बाकी मशीनची चूक, प्लॅनची चूक यांना जागाच उरली नाही. लिनॅकवर अंतर १०० सेंटिमीटर केंद्रापर्यंत मोजतात, भिंतीवरचे लेझर जुळवतात, त्यामुळे हा धोका कमी, पण मग लेझरच रोज सकाळी तपासावे लागतात. सोबत दाराचा इंटरलॉक (दार उघडलं की किरण बंद करणारी सोय) आणि मशीनचं आउटपुट, म्हणजे ते देत असलेला डोस, जे ३ टक्क्यांच्या आत लागतं.

दुसरं गणित सोर्स झिजण्याचं. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य (सोर्स निम्मा व्हायला लागणारा काळ) ५.२७ वर्षं, ब्रॅकीथेरपीच्या इरिडियम-१९२ चं ७४ दिवस. लक्षात ठेवायला सोपं : कोबाल्ट महिन्याला साधारण एक टक्का उतरतो, इरिडियम दिवसाला साधारण एक टक्का. म्हणून कोबाल्टवर त्याच डोसला दर महिन्याला थोडा जास्त वेळ लागतो, आणि पाच वर्षांनी तोच पेशंट दुप्पट वेळ टेबलावर. भारतात कोबाल्ट पूर्ण गेलेला नाही, भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे देशी मशीनही कोबाल्टचंच, वीज नि देखभाल कमी लागते म्हणून लहान सेंटरना परवडतं.

मोल्ड रूम हा विषय परीक्षेत दोन मार्कांचा आणि नोकरीत अर्ध्या दिवसाचा. डोकं-मानेच्या पेशंटसाठी जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढून बसवतात, सगळे त्याला ऑर्फिट म्हणतात, कंपनी कुठलीही असो. थंड झाली की कडक होते आणि मग रोज तोच मास्क, तीच पोझिशन, पाच-सहा-सात आठवडे. पेशंट बारीक झाला की मास्क सैल होतो, हे सगळ्यात आधी टेक्नॉलॉजिस्टला दिसतं, डॉक्टरला नाही, कारण पेशंटला रोज बघणारा तोच. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याचा मास्कवर हात लवकर बसतो.

सोर्स अडकण्याची ड्रिल सगळ्यांना करावी लागते. कोबाल्टचा सोर्स वेळ संपल्यावर आपोआप मागे जायला हवा, नाही गेला तर आधी इमर्जन्सी बटण, तरी नाही तर आत जाऊन बीमच्या वाटेत न येता पेशंटला बाहेर काढायचं, दार बंद करायचं, सेफ्टी ऑफिसरला कळवायचं. सोर्स मागे ढकलायला टी आकाराचा रॉड भिंतीला टांगलेला असतो. क्रम महत्त्वाचा, आधी पेशंट मग मशीन, तोंडी परीक्षेत इथेच विकेट पडते.

डोसमर्यादा : विद्यार्थीही किरणांजवळ काम करतो म्हणून त्याला टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस नोंदवणारा बिल्ला) मिळतो, छातीवर लावायचा, तीन महिन्यांनी तपासायला जातो. भारतीय बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या टेफ्लॉनमधल्या तीन चकत्या असतात. कामगाराची मर्यादा पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या डोसचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आंतरराष्ट्रीय शिफारस एका वर्षाला ५० पर्यंत चालवून घेते, भारताने मुद्दाम कमी ठेवलंय. सामान्य माणसाला १. आता एक बारीक मुद्दा जो प्रॉस्पेक्टसमध्ये सापडत नाही : २००४ च्या नियमांप्रमाणे १८ च्या आतल्या कोणाला रेडिएशनच्या कामावर ठेवता येत नाही, १६ ते १८ मधला प्रशिक्षणार्थी चालतो पण त्याची मर्यादा वर्षाला ६. बारावी पास झालेली बरीच पोरं सतरा वर्षांचीच असतात, म्हणजे पहिल्या वर्षाचा काही काळ ती या खालच्या मर्यादेत येतात. नीट चालणाऱ्या विभागात प्रत्यक्ष डोस या सगळ्यापेक्षा खूपच कमी येतो, कारण किरण चालू असताना आत पेशंटशिवाय कोणी नसतंच. बॅज ट्रीटमेंट रूममध्ये विसरला तर तो मात्र भरपूर डोस दाखवतो आणि मग लेखी खुलासा द्यावा लागतो.

अभ्यासात अपघातही शिकवतात. ब्राझीलमधल्या गोइयानियात १९८७ मध्ये बंद पडलेल्या क्लिनिकमधला सीझियमचा सोर्स भंगारवाल्यांकडे गेला आणि चार माणसं मेली. थेरॅक-२५ या मशीनने १९८५ ते ८७ मध्ये अमेरिका-कॅनडात सहा पेशंटना भलताच डोस दिला, चूक सॉफ्टवेअरची, पण स्क्रीनवर एरर येत होता आणि ऑपरेटर सवयीने पुढे जात होते, कारण तो एरर रोजच यायचा.

पुढे काय : या पदवीवरून मेडिकल फिजिसिस्ट होता येत नाही. हे ठळक लिहायला हवं कारण खाजगी कॉलेजांच्या जाहिरातीत उलट ध्वनित होतं. फिजिसिस्टला फिजिक्सची एम.एस्सी., त्यावर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा किंवा समकक्ष, आणि वर इंटर्नशिप लागते, आणि टेक्नॉलॉजीच्या बी.एस्सी. वरून फिजिक्सच्या एम.एस्सी. ला साधारणपणे घेत नाहीत. खुला रस्ता म्हणजे रेडिओथेरपीतली एम.एस्सी., प्लॅनिंगचं काम, मशीन कंपन्यांत अॅप्लिकेशनची नोकरी, किंवा परदेश. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय रेडिओग्राफर हे नाव लावताच येत नाही, आणि भारतीय पदवी तिथे आपोआप चालत नाही, प्रत्येकाचा अर्ज वेगळा तपासतात, त्यात तीन वर्षांत कुठल्या मशीनवर किती दिवस काम केलं याच्या नोंदी मागतात. म्हणून लॉगबुक. पोरं ते शेवटच्या आठवड्यात एकमेकांचं बघून भरतात, आणि सहा वर्षांनी त्याच लॉगबुकवर सही करायला तेव्हाचे विभागप्रमुख शोधत फिरतात.