लवकर डिलिव्हरी: जंतू सापडले, पण औषध चुकत राहिलं

37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत बाळ झालं की ते प्रीटर्म, आणि 2020 साली जगात अशी साधारण 1 कोटी 34 लाख बाळं जन्मली, म्हणजे दहातलं एक. यातल्या बऱ्याच केसेसमागे इन्फेक्शन असतं हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल, पण ते कळल्यावरही सगळ्यांचा कसा पोपट झाला ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात लघवीपासून झाली. बॉस्टनचे एडवर्ड कॅस 1950 च्या दशकात लघवीतले जंतू मोजत होते (एका मिलिलीटरमध्ये 1 लाखाच्या वर असले तर खरं इन्फेक्शन, हा हिशोब त्यांच्याच कामातून रूढ झाला). पुढे त्यांना दिसलं की काही गरोदर बायकांना जळजळ नाही, ताप नाही, काही म्हणजे काही त्रास नाही तरी लघवीत जंतू भरपूर, आणि अशांच्यात किडनीचं इन्फेक्शनही जास्त आणि लवकर डिलिव्हरीही जास्त. औषध दिलं की कमी. झालं, वाटलं उत्तर मिळालं!

दुसरा धागा योनीमार्गाचा. 1955 मध्ये ह्यूस्टनच्या गार्डनर आणि ड्यूक्स यांनी अंगावरून पांढरं जाण्याच्या एका प्रकारातला जंतू दाखवला, पुढे त्याला गार्डनरेला नाव पडलं. आज त्या त्रासाला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. तपासणी तशी साधीच, स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की माशासारखा वास येतो, आणि मायक्रोस्कोपखाली पेशींवर वाळू भुरभुरल्यासारखे जंतू इतके चिकटलेले असतात की पेशीची कडाच दिसत नाही. 1995 मध्ये 10 हजारांवर गरोदर बायकांचा अमेरिकेतला अभ्यास आला, त्यात हा त्रास असलेल्यांमध्ये दिवसाआधी आणि कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता साधारण 40 टक्क्यांनी जास्त निघाली.

आता गंमत अशी की खरी किल्ली 1943 लाच दिसली होती. उंदरांना जिवंत जंतू न देता नुसतं जंतूंच्या आवरणातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन टोचलं, तरी वारेत रक्तस्राव झाला. म्हणजे गर्भ बिघडायला जंतू जिवंत असायलाच हवा असं नाही. पण याची नीट उकल व्हायला 1980 चं दशक उजाडलं, रोबेर्तो रोमेरो वगैरे मंडळींनी गर्भजलात सायटोकाइन्स (सूज पेटवणारी शरीराचीच निरोप्या रसायनं) मोजायला घेतले तेव्हा. जंतू गर्भाशयमुखातून वर चढतात, आईच्या आणि बाळाच्या पेशी त्यांना ओळखून सायटोकाइन्स सोडतात, त्यातून प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणणारं रसायन वाढतं, गर्भाशयमुख मऊ पडतं, कळा येतात, काही एन्झाइम्स बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचं आवरण कुरतडतात आणि पाणी जातं. कळा जंतू आणत नाही, शरीराची सूज आणते! डिलिव्हरी जितकी लवकर, 28 आठवड्यांच्या आत वगैरे, तितकी इन्फेक्शनची शक्यता जास्त.

मग सरळ अँटिबायोटिक द्यायचं ना? तेच केलं, आणि तिथेच फसलं. 2000 मध्ये त्रास नसलेल्या व्हजायनोसिसवर मेट्रोनिडॅझोल देऊन पाहिलं, लवकर डिलिव्हरी कमी झाली नाही. 2001 ची ब्रिटनमधून चालवलेली ओरॅकल ट्रायल तर फारच बोलकी आहे. पाणी गेलेल्या बायकांना एरिथ्रोमायसिनचा थोडा फायदा झाला, पण पिशवी शाबूत असताना कळा सुरू झालेल्यांना काहीच नाही, आणि तीच मुलं 7 वर्षांची झाल्यावर बघितली तर एरिथ्रोमायसिनच्या गटात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडणं) 3.3 टक्के, न घेतलेल्यांच्यात 1.7. माझ्या मते चूक हेतूत नव्हती, वेळेत होती, कारण कळा सुरू होईपर्यंत सूज पेटलेली असते आणि जंतू मारून ती विझत नाही. हिरड्यांच्या आजाराचंही तसंच झालं, 1996 ला संबंध दिसला म्हणून गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केले, 2006 च्या ट्रायलमध्ये त्याने प्रीटर्मचं प्रमाण हललं नाही.

त्यात आणखी एक भानगड, काही बायकांच्या गर्भजलात सूज भरपूर पण जंतू शोधूनही सापडत नाही, त्याला स्टराइल इन्फ्लमेशन म्हणतात आणि तिथे अँटिबायोटिकने मारायचं तरी काय! या सगळ्यातून रोजच्या वापरात टिकलं ते जुनंच काम, गरोदरपणात एकदा लघवीचं कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी) करायचं आणि जंतू निघाले तर त्रास नसला तरी औषध द्यायचं. व्हजायनोसिससाठी मात्र धोका कमी असलेल्या आणि लक्षणं नसलेल्या बायकांची तपासणी करू नका, असंच अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने 2020 मध्ये सांगितलं.