पार्श्वभूमी : बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काय हवं, हे ठरवायला कोण बसतं?

सॉफ्टवेअरची कामं रखडतात, खर्च हाताबाहेर जातो, ही ओरड 1968 मध्ये जर्मनीत भरलेल्या परिषदेतही झाली होती. आपल्याकडे बँकांमध्ये हा विषय आधी कर्मचाऱ्यांनी टेबलावर आणला. 1983 च्या करारात संघटना आणि व्यवस्थापन यांनी कोणती यंत्रं, कुठे आणि किती, हे वाटाघाटी करून ठरवलं. नोकऱ्यांच्या धास्तीतून झालेला तो करार आज मागासलेला म्हणून हिणवला जातो, ते अन्यायाचं आहे. काउंटरवरच्या माणसाच्या म्हणण्याला एवढं वजन नंतर क्वचितच मिळालं.

कोअर बँकिंगच्या, म्हणजे सगळ्या शाखा एकाच मध्यवर्ती प्रणालीला जोडण्याच्या काळात फिक्स्ड प्राइसचे, म्हणजे आधीच ठरलेल्या किमतीचे करार आले आणि त्यांच्याबरोबर 'रिक्वायरमेंट फ्रीझ': मागण्यांची यादी सह्या करून गोठवायची, नंतर बदल नाही. खरा वाद इथला. सॉफ्टवेअर कंपनीचं म्हणणं चूक नव्हतं: पैसे ठरलेले, तर कामही ठरलेलं हवं. पण यादीवर सही बहुधा बँकेच्या आयटी विभागाची. ऑडिटला प्रत्येक नोंद दुसऱ्याने तपासलेली हवी, शाखेला रांग पटापट पुढे सरकायला हवी, लेखा विभागाला डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, वेळेत हवा. कागदावर या मागण्या एकाखाली एक गुण्यागोविंदाने नांदत. एकीमुळे दुसरी अडते, हे कुठे लिहिलेलं नसे.

पिग्मीचं, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीच्या ठेवीचंच घ्या. एजंट दुकानोदुकानी फिरून रोजची रक्कम गोळा करतो आणि शाखेत बहुधा दुसऱ्या दिवशी भरतो. दुकानदाराच्या खात्यात तारीख कुठली धरायची, पैसे दिल्याची की भरणा झाल्याची? व्याज त्यावर अवलंबून. शाखेतल्या कारकुनाने हे पहिल्याच बैठकीत विचारलं असतं. पण त्याला बोलावणं यायचं यूएटीला, म्हणजे तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडून तपासून घेताना, सह्या होऊन गेल्यावर. मग तीच गोष्ट चेंज रिक्वेस्ट, म्हणजे कराराबाहेरचा बदल ठरायची आणि तिचं बिल वेगळं लागायचं.

1990 च्या दशकात ब्रिटनमधून मागण्यांचा अग्रक्रम लावायची 'मॉस्को' पद्धत आली: मस्ट (हवंच), शुड (असायला हवं), कुड (जमलं तर), वोन्ट (या वेळी नाही); नाव या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. 'मस्ट'ची कामं एकूण श्रमांच्या 60 टक्क्यांपुढे जाऊ नयेत, असं त्या पद्धतीत बजावलेलं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक विभाग आपलं सगळंच 'मस्ट'मध्ये टाकतो आणि ते कमी करायचा अधिकार कोणाचा, यावर बैठक अडते.

2001 मध्ये अमेरिकेत जमलेल्या 17 सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी 'अजाइल' जाहीरनाम्यात करारातल्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाच्या सहभागाला वरचं स्थान दिलं. अंधेरी-ऐरोलीच्या ऑफिसांत स्प्रिंट, म्हणजे काही आठवड्यांचे कामाचे छोटे टप्पे, रुळले, निविदांतली फिक्स्ड प्राइस मात्र हटली नाही. टप्प्याअखेरीच्या डेमोला आयटी विभागातला प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय हवं ते बँकेच्या वतीने ठरवणारा माणूस, बसतो. शाखेतून कोणी यायचं तर तेवढा वेळ एक काउंटर बंद ठेवावा लागतो आणि त्याची तरतूद निविदेत सहसा नसते.