खरे वाघनख आणि शिंगातून कोरलेले वाघनख

लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात घातलेले, सोन्याच्या कोंदणातले वाघनख बहुतेकांनी पाहिलेले असते, त्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही. असा दागिना घरी घडवू पाहणाऱ्यांना मात्र एक सल्ला हमखास मिळतो: तापलेली सुई टोचा, केस जळल्यासारखा वास आला तर नख खरे. हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि तो खात्रीने दिला जातो, याची मला मनापासून चीड येते.

नख आणि शिंग ही दोन्ही केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात, आणि आपले केसही त्याचेच. म्हशीच्या शिंगाला सुई टोचली तरी तोच वास येणार. या परीक्षेतून फार तर प्लास्टिक वेगळे काढता येते.

खरा फरक घडणीत आहे. वाघाचे नख म्हणजे बोटाच्या शेवटच्या हाडावर चढलेले पोकळ आवरण. ते मुळाकडून टोकाकडे थराथराने वाढते. त्याची पाठ कठीण आणि खालची बाजू तुलनेने मऊ असते, म्हणून नख उलटे केले की दोन कडांच्या मधोमध निराळ्या पोताची लांबट पट्टी दिसते. शिंगाच्या भरीव टोकातून कोरलेल्या नखाचा पोत मात्र वर-खाली एकच असतो, वळणावर त्याच्या रेषा कापल्या जातात आणि बुडाची पोकळी हत्याराने पाडलेली असते. शिंग तापवले की मऊ पडते, त्यामुळे मुरलेला कारागीर ते वाकवून रेषाही वळवू शकतो, पण तळाचा तो निराळा पोत त्याला साधत नाही. कोंदणाने बूड झाकलेले असेल तर नुसत्या नजरेने निदान करूच नये. तिथे शेवटचा शब्द डीएनए तपासणीचा.

रंग, वजन, गुळगुळीतपणा यांवरून काहीच ठरत नाही.

कायद्यापुढे मात्र हा फरक फार मोठा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत वाघ आणि बिबट्या दोघेही आहेत, आणि मालकी प्रमाणपत्राशिवाय त्यांचे नख बाळगणे हा किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैदेचा गुन्हा आहे. ‘आजोबांच्या काळचे आहे’ हा बचाव त्यात चालत नाही. सांबरशिंगही याच कायद्यात अडकते, जंगलात गळून पडलेले सापडले तरीही.

म्हणून घडवायचेच असेल तर म्हशीचे शिंग घ्यावे, आणि तेही पावती देणाऱ्या दुकानातून. टोकाचा भरीव भाग करवतीने कापून कानशीने आकार द्यावा, मग बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासावे. कोरडे घासल्यास भुकटी छातीत जाते, त्यामुळे तोंडाला मास्क हवाच. बूड कोंदणात लपवण्यापेक्षा उघडे ठेवून वरच्या बाजूला आरपार भोक पाडलेले मला अधिक पसंत आहे, कारण पाहणाऱ्याला ते शिंग असल्याचे तिथेच दिसते.